'चावी लावणे' : जुन्या मालमोटारीच्या राखणीविषयी एक टिपण

"रात्री साडेदहा वाजता गाडी घराशेजारील मोकळ्या जागेत उभी केली. गाडीला चावी लावलेली होती. पहाटे पाच वाजता पाहिले असता गाडी जागेवर दिसून आली नाही." २००९ साली नोंदविलेल्या एका फिर्यादीतील ही तीन वाक्ये आहेत. गाडी म्हणजे १९९६ सालच्या बनावटीची, दोन आसांची, सोळा टनी मालमोटार. मालक प्रस्तुत लेखकाचे मामा. आणि जबाब देणारा इसम त्यांचा चालक. या तीन वाक्यांपैकी पहिल्या व तिसऱ्या वाक्याविषयी कोणीही वाद घातला नाही. मधल्या वाक्यावर मात्र पुढे दोन वर्षे वाद चालला, आणि त्याच्या निकालावर एका कुटुंबाची उपजीविका अवलंबून होती.

चालकाच्या म्हणण्याचा अर्थ असा होता की त्याने गाडी चावीने बंद केली होती. विमा कंपनीच्या तपासनिसाने त्याच वाक्याचा अर्थ असा केला की चावी गाडीतच लावून ठेवली होती. आणि मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, या कारणावरून भरपाई नाकारण्यात आली. हे दोन्ही अर्थ मराठीत बसतात. एकाच वाक्यातून 'मी काळजी घेतली' आणि 'मी काळजी घेतली नाही' असे परस्परविरोधी अर्थ निघावेत, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास कुतूहलाची वाटणे साहजिक आहे. त्या कुतूहलापायी प्रस्तुत लेखकास मोटारदुरुस्तीच्या गॅरेजांत पुष्कळ संध्याकाळी बसावे लागले. आणि तेथे असे आढळून आले की ही संदिग्धता केवळ व्याकरणातून आलेली नाही. जुन्या मालमोटारीत ज्या वस्तूस चावी म्हणतात, ती वस्तुतः कोणत्याही कुलपाची चावी नव्हे. शब्द एक सांगतो आणि यंत्र दुसरेच करते. आणि चोरीपासून गाडी राखण्याचा सारा प्रश्न या दोहोंमधील फटीत दडलेला आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. दार बंद ठेवण्याच्या साधनांची मराठी नावे निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या दिशांनी आलेली आहेत. 'आगळ' हा शब्द संस्कृत 'अर्गला' यापासून सरळ उतरलेला आहे. 'टाळे' हे 'तालक' या शब्दाच्या कुळातील. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल' याचे रूपांतर असून तो फारसीच्या वाटेने आला. त्यात फकार व लकार यांनी जागा बदलल्या, म्हणजे वर्णविपर्यय झाला, आणि फकाराचा पकार झाला. 'किल्ली' या शब्दाचा संबंध 'कील', म्हणजे खुंटी, या शब्दाशी सांगितला जातो. कानडीतील 'कीलि' हा शब्दही त्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. 'चावी' हा शब्द पोर्तुगीज आहे. आज लिस्बनचा मनुष्य तो शब्द शकाराने उच्चारतो. परंतु जुन्या पोर्तुगीजमध्ये तेथे चकार होता, आणि मराठी 'चावी' व हिंदी 'चाबी' या दोन्ही शब्दांनी तो जुना चकार जपून ठेवला आहे. ज्या उच्चाराचा मूळ भाषेतील प्रमाण बोलीने त्याग केला, तो आमच्या मोटारअड्ड्यांवर रोज ऐकू येतो, ही त्यातल्या त्यात गमतीची गोष्ट.

घराची ती किल्ली आणि गाडीची ती चावी, असा भेद पुष्कळांच्या बोलण्यात आढळतो. तो सर्वत्र पाळला जातो असे मात्र नव्हे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की घराच्या बाबतीत बोलणारा कुलपाचे नाव घेतो आणि गाडीच्या बाबतीत चावीचे. "दाराला कुलूप लावले" असे आपण म्हणतो; "गाडीला कुलूप लावले" असे सहसा म्हणत नाही, कारण गाडीचे कुलूप डोळ्यांना दिसत नाही. ते पत्र्याच्या आत असते. हाती असते ती चावी. मग "दाराला कुलूप लावले" या साच्यात कुलपाच्या जागी चावी बसते आणि "गाडीला चावी लावली" असे वाक्य तयार होते. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणा होय: साधनाच्या नावाने साध्याचा निर्देश.

यात 'लावणे' हे क्रियापद आणखी भर घालते. मराठीत दार लावतात तेव्हा ते बंद होते, आणि दिवा लावतात तेव्हा तो पेटतो. ब्रेक लावला की गाडी थांबते. गाडी लावली म्हणजे ती उभी केली. आणि चावी लावली म्हणजे गाडी बंद केली किंवा ती सुरू करण्याची तयारी केली, यांपैकी काहीही असू शकते. बोलण्याच्या ओघात प्रसंगावरून अर्थ कळतो. लेखनात प्रसंग मागे राहतो आणि वाक्य तेवढे पुढे जाते.

आता चालकाच्या वाक्याकडे पुन्हा पाहू. प्रस्तुत लेखकाने त्यास नंतर अनेकदा विचारले तेव्हा त्याचे शब्द नेहमी एकच होते: "चावी लावली व्हती." जबाबात मात्र "लावलेली होती" असे आले. फिर्यादीच्या भाषेस '-लेला' प्रत्ययाची रूपे प्रिय आहेत. "उभी केलेली होती", "ठेवलेले होते" अशी वाक्ये तीत पदोपदी भेटतात, आणि लिहून घेणाऱ्याने ते रूप सवयीने घातले असावे. परंतु "लावली होती" हे घडलेल्या क्रियेचे वर्णन आहे, तर "लावलेली होती" हे क्रियेनंतर टिकून राहिलेल्या स्थितीचे. कुलूप लावल्यावर दारावरच राहते, म्हणून "कुलूप लावलेले होते" यात कोणतीच अडचण नाही. चावीचे तसे नाही. गाडी बंद करून चावी काढून घेतली जाते. तेव्हा "चावी लावलेली होती" असे म्हणताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाडीत अडकवून ठेवलेली चावी उभी राहते. तपासनिसाचा अर्थ हट्टाचा होता असे म्हणून सोडून देता येत नाही, ते यामुळे. एका 'ले'ने निरपराध वाक्य कबुलीजबाब बनले.

येथपर्यंत भाषेचा भाग झाला. परंतु चावी खरोखरच चालकाच्या खिशात होती, तर मग गाडी गेली कशी? हा प्रश्न मामांनी केला नाही. त्यांना उत्तर ठाऊक होते. विद्यापीठात वावरणाऱ्या आम्हां मंडळींस ते ठाऊक नव्हते, म्हणून ते थोडे विस्ताराने देत आहे.

पेट्रोलच्या इंजिनात इंधनमिश्रित वायू विजेच्या ठिणगीने पेटतो. चावी फिरवून वीज तोडली की ठिणगी थांबते आणि इंजिन बंद पडते. तेथे चावीचा इंजिनाच्या प्राणाशी संबंध आहे. रुडॉल्फ डीझेल याने १८९० च्या दशकात सिद्ध केलेल्या इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. तेलाचा फवारा मारण्याचे काम एक पंप करतो, आणि जुन्या मालमोटारींत हा पंप सर्वस्वी यांत्रिक असून इंजिनाच्याच गतीने चालतो. अशा इंजिनास सुरू होताना एकदाच विजेची गरज लागते. मिस्त्री ज्यास 'सेल्फ' म्हणतात त्या मोटरीने इंजिनाला पहिला फेरा देण्यापुरती. एकदा इंजिन चालू झाले की त्याला विजेशी कर्तव्य नाही. म्हणून अशा कित्येक गाड्यांत चावी काढून घेतली तरी इंजिन चालूच राहते. ते बंद करण्यासाठी चालक डॅशबोर्डाखालील एक मूठ ओढतो; मुठीला जोडलेली तार पंपावरील दांडी फिरवते, तेल तुटते, आणि इंजिन थांबते. पुढील काळातील काही गाड्यांत हेच काम विजेच्या साहाय्याने होऊ लागले, परंतु तत्त्व तेच राहिले.

तात्पर्य, या गाडीत चावी ही एका स्विचची मूठ आहे. बॅटरीतील वीज सेल्फपर्यंत जाऊ द्यावयाची की नाही, एवढेच ती ठरविते. आणि ते काम चावीवाचूनही होऊ शकते हे प्रत्येक मिस्त्रीस ठाऊक असते. शिवाय पंधरावीस वर्षे वापरलेला स्विच इतका घासलेला असतो की त्यात दुसऱ्या गाडीची चावीही फिरते. दाराची स्थिती याहून वेगळी नसते. आपल्याकडे मालमोटारी बहुधा पुढील सांगाड्यासह विकल्या जात आणि केबिन व हौदा स्थानिक कारागीर बांधीत. त्या केबिनच्या दाराला बसविलेले कुलूप म्हणजे कपाटाच्या कुलपाचा धाकटा भाऊ. तेव्हा 'चावी माझ्याजवळ आहे' या वाक्याने मालकास जो धीर येतो, तो शब्दाने दिलेला धीर आहे. यंत्राने दिलेला नव्हे.

नव्या गाड्यांत ही स्थिती बदलली. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ चे आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे प्रदूषणनियम देशभर लागू झाले. ते पाळण्यासाठी तेलाचा फवारा संगणकाच्या हुकमतीखाली आणावा लागला. संगणकाने परवानगी दिली नाही तर तेल येत नाही, आणि चावीतील सूक्ष्म चकती ओळखल्याशिवाय परवानगी द्यावयाची नाही अशी योजनाही आता करता येते. म्हणजे धूर कमी करण्यासाठी केलेल्या नियमाने चावीला प्रथमच खऱ्या अर्थाने चावी होण्याची संधी दिली. परंतु रस्त्यावर अद्याप जुन्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि त्या मुख्यतः अशा लोकांच्या हाती आहेत ज्यांची ती एकच गाडी असते.

जुन्या गाडीचा चोर तरी काय मिळवितो, असा प्रश्न येथे कोणी करील. अखंड गाडी दुसऱ्या क्रमांकाने चालविणे हा एक मार्ग. पण तुकडे करून विकणे हा अधिक सोपा. इंजिन, गिअरपेटी, आस, चाके, पाटे यांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक असतेच, कारण त्याच जातीच्या हजारो गाड्या चालू आहेत आणि त्यांना सुटे भाग हवे असतात. गाडी लोकप्रिय व टिकाऊ असणे हेच तिच्या चोरीचे कारण होते. बॅटरी, डिझेल आणि स्टेपनी यांची चोरी तर गाडी जागेवर असतानाच होते. (वेल्समधील लानेली गावच्या स्टेप्नी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जादा चाक बनविण्याचा धंदा सुरू झाला, त्या रस्त्याचे नाव आपल्याकडे प्रत्येक क्लीनरच्या तोंडी आहे. 'टार्पोलिन' याचे 'ताडपत्री' करणाऱ्या लोकव्युत्पत्तीने स्टेपनीला मात्र हात लावला नाही.)

आता उपाय. त्यांचा विचार करताना कायद्यातील चोरीच्या व्याख्येपासून आरंभ करणे सोयीचे होईल. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ३७८ वे कलम, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे ३०३ वे कलम, या दोहोंतही चोरीची व्याख्या एका क्रियापदावर उभी आहे: हलविणे. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, लबाडीने घेण्याच्या हेतूने हलविली की चोरी पूर्ण झाली. मराठी वृत्तपत्रेही दागिने 'लांबवितात', पण मालमोटार बहुधा 'पळवितात'. पळण्याची शक्ती वस्तूतच आहे आणि चोराने ती केवळ जागी केली, असा या प्रयोजक रूपाचा ध्वनी आहे. तो यथार्थ आहे. मालमोटार उचलून नेता येत नाही. तिला तिच्याच शक्तीने न्यावी लागते. म्हणून राखणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न 'दार बंद आहे का' हा नसून 'ही हलण्यासाठी कशाकशाची गरज आहे' हा आहे. पहिल्या फेऱ्याला वीज, चालू राहण्यास तेल, चाकांपर्यंत गती पोचण्यास गिअर, आणि मोकळे ब्रेक. या साखळीतील जी कडी चोरास सहज पुन्हा जोडता येणार नाही ती तोडावी.

सर्वांत प्रचलित उपाय विजेचा. बॅटरीच्या तारेवर एक तोडस्विच बसवून त्याची मूठ काढून नेतात. हा उपाय स्वस्त आहे, त्याने आगीचा धोकाही कमी होतो, आणि तो अवश्य करावा. परंतु त्याची मर्यादा आहे. बॅटरी बहुधा बाहेरच्या बाजूस पेटीत असते. पेटीस भक्कम कुलूप नसेल तर तोडस्विचला वळसा घालता येतो. दुसरी मर्यादा चालकांच्या सवयीतून येते. सेल्फ किंवा बॅटरी अशक्त झालेली असली की चालक गाडी उतारावर लावतात, म्हणजे सकाळी ब्रेक सोडून, गिअर टाकून, घरंगळत ती चालू करता येते. जी गाडी विजेवाचून उतारावर चालू होते ती चोरासही विजेवाचून चालू करता येते. मामांची गाडी ज्या मोकळ्या जागेत उभी होती तिचा उतार रस्त्याकडे होता. याची नोंद फिर्यादीत नाही. कोणी विचारलीच नाही.

तेलाचा उपाय याहून मूलगामी. टाकी व पंप यांच्यामधील नळीवर चटकन न दिसेल अशा जागी एक तोटी बसवितात व रात्री ती बंद करतात. नळीत उरलेल्या तेलावर इंजिन थोडा वेळ चालते आणि मग थांबते. नळीत हवा शिरल्यामुळे, तोटी सापडली तरी, हवा काढल्याशिवाय ते पुन्हा चालत नाही. चोरास हा मोठाच अडथळा आहे. पण तो वाटेत, कदाचित भर महामार्गावर, अंधारात उभा राहतो, आणि मागून येणाऱ्या निरपराध माणसाचा विचार केला तर ही योजना मनास पटत नाही. प्रस्तुत लेखकास सर्वांत चोख वाटलेला उपाय म्हणजे पंपावरील बंद करण्याची दांडी 'तेल बंद' या स्थितीतच कुलपाने जखडून ठेवणे, किंवा डॅशबोर्डाखालील मूठ ओढलेल्या स्थितीत अडकवून तीस कुलूप घालणे. त्यांपैकी पहिला प्रकार अधिक भक्कम, कारण तार तोडता येते. अशा गाडीत सेल्फ फिरतो, उतारावरून गाडी घरंगळते, पण इंजिन जागेवरच पेट घेण्याचे नाकारते. काम हुशार मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे, आणि गाडी चालू असताना दांडी आपोआप त्या स्थितीत जाणार नाही याची खात्री करून घ्यावी. यात यंत्रावर काहीही उपरे लादलेले नाही. इंजिनास थांबविण्याचा जो त्याचा स्वतःचा मार्ग, त्यालाच कुलूप घातले आहे. चावी हा शब्द येथे, बहुधा प्रथमच, आपला अर्थ पाळतो.

गती अडविण्याचे उपाय दृश्य असतात, आणि दृश्य असणे हा त्यांचा अर्धा गुण आहे. स्टीअरिंगच्या चाकातून साखळी घालणे ही जुनी रीत. पण त्या चाकाची कड करवतीने कापता येते, म्हणून गिअरच्या दांडीस किंवा क्लचच्या पायटीस घातलेले पोलादी कुलूप बरे. ज्या गाड्यांचे ब्रेक पूर्णपणे हवेवर चालतात आणि उभे राहण्याचा ब्रेक स्प्रिंगचा असतो, त्यांत हवेचा दाब गेला की स्प्रिंग चाके धरून ठेवते. इंजिन चालवून हवा भरल्यावाचून गाडी हलत नाही. तेथे हातब्रेकच्या खटक्यास कुलूप घालण्याची सोय करता येते. अधिक जुन्या, तेलाच्या ब्रेकच्या गाड्यांत हा लाभ नाही. गाडीचे नाक भिंतीकडे करून लावणे, पुढे दुसरी गाडी येईल अशी जागा घेणे, क्लीनरने केबिनमध्ये झोपणे, हे उपाय सर्वांस ठाऊक आहेत. क्लीनर ठेवणे एका गाडीच्या धंद्यास परवडेनासे झाल्यापासून त्यांतील शेवटचा दुर्मिळ होत चालला आहे, इतकेच.

जीपीएस यंत्राविषयी आजकाल फार बोलले जाते. ते उपयुक्त आहे, परंतु ते गाडी राखीत नाही. गाडी कोठे गेली ते सांगते. ते स्वतंत्र बॅटरीचे असावे आणि डॅशबोर्डाखाली पहिल्याच नजरेस सापडेल अशा जागी नसावे, नाहीतर तोडस्विच बंद केल्याबरोबर तेही मुके होईल. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाल्यावर आणखी एक अनपेक्षित साक्षीदार मिळाला: गाडी नाका ओलांडते तेव्हा मालकाच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो. मध्यरात्री आलेला असा संदेश सकाळपर्यंत न वाचता राहू नये म्हणून त्याचा आवाज वेगळा ठेवावा.

गाडी गेलीच, तर पुढचे सारे काम ओळखीचे, आणि ओळख म्हणजे पुन्हा चिन्हांचा प्रश्न. नोंदणीक्रमांक हे गाडीचे विशेषनाम. पण ते पाटीवर असते आणि पाटी बदलता येते. २०१९ पासून नव्या गाड्यांस, आणि महाराष्ट्रात पुढे मोहीम काढून जुन्या गाड्यांसही, जी उच्च सुरक्षा पाटी लावण्यात आली, तीत न उघडणारे खटके, अशोकचक्राचे चमकते चिन्ह आणि लेझरने कोरलेला कायम क्रमांक आहे. म्हणजे नाव बदलू नये म्हणून नावालाच कुलूप घातले. सांगाड्यावर ठोकलेला चासी क्रमांक अधिक चिवट असतो. अलीकडील गाड्यांत तो सतरा अक्षरांचा असतो, आणि त्याच्या लिपीतून आय, ओ व क्यू ही तीन रोमन अक्षरे मुद्दाम गाळलेली आहेत, कारण ती एक व शून्य या अंकांशी गोंधळतात. लिपिसुधारणेच्या चर्चा आपण दीर्घकाळ केल्या. येथे एका व्यवसायाने गाजावाजा न करता ती करून टाकली. टाटांच्या गाड्यांचा हा क्रमांक एम-ए-टी ने आणि अशोक लेलँडचा एम-बी-एक ने सुरू होतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील कित्येक गाड्यांवर मात्र कारखान्याच्या जुन्या पद्धतीचा, आखूड क्रमांक आहे, आणि तो गंजाने किंवा रंगाच्या थरांनी वाचता न येण्याजोगा झालेला असतो. जुन्या गाडीच्या मालकाने एखाद्या रविवारी तारेच्या ब्रशाने ती जागा स्वच्छ करून क्रमांकाचे छायाचित्र व पेन्सिलीचा ठसा घेऊन ठेवावा. इंजिनाचा क्रमांक, टायरांवरील क्रमांक, बॅटरीवरील खूण, हौद्याच्या फाळक्यावरील अक्षरे व त्यांतील रंगाऱ्याची चूकसुद्धा लिहून ठेवावी. 'तांबड्या रंगाची मालमोटार' हे वर्णन हजारांना लागू पडते. 'आशीर्वाद' या शब्दातील वेलांटी ऱ्हस्व असलेली तांबडी मालमोटार एखादीच. शुद्धलेखनाच्या नियमांचा भंग ओळख पटविण्यास साहाय्यभूत होतो, हे एका भाषाशिक्षकाने लिहावे लागते आहे.

कायद्यात एक बदल या विषयाशी निगडित आहे. जुन्या संहितेत मालमोटारीची चोरी ही साधी चोरी असून शिक्षेची मर्यादा तीन वर्षे होती. नव्या संहितेच्या ३०५ व्या कलमात माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाची, तसेच अशा वाहनातील मालाची चोरी वेगळी काढली असून मर्यादा सात वर्षे केली आहे.

विम्याचे मात्र सावध राहून वाचावे. केवळ तृतीय पक्षाचा विमा चोरीची भरपाई देत नाही, आणि हप्ता वाचविण्यासाठी जुन्या गाडीचे मालक पुष्कळदा तेवढाच विमा उतरवितात. सर्वंकष विमा असला तरी पाच वर्षांहून जुन्या गाडीचे मूल्य कोष्टकाने ठरत नाही; ते मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते, आणि ते किती लिहिले गेले याकडे मालक क्वचितच पाहतो. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही चाव्या मागते. फिर्याद लगेच दिली असेल तर कंपनीस कळविण्यास झालेल्या उशिरामुळे खरा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०२० मध्ये ठरविले. २०२३ मध्ये त्याच न्यायालयापुढे एका मालमोटारीचे प्रकरण आले होते: चालक पत्ता विचारण्यास खाली उतरला, चावी गाडीतच राहिली, आणि गाडी गेली. तेथे न्यायालयाने दावा पूर्ण बुडू न देता विमामूल्याच्या ७५ टक्के रक्कम देवविली. म्हणजे चावी खरोखरच गाडीत राहिली तरी आज सर्वस्व जात नाही. पण चतुर्थांश जातो, आणि तो एका शब्दावर जाऊ शकतो.

मामांच्या प्रकरणी हे निर्णय अजून व्हावयाचे होते. जिल्हा ग्राहक मंचापुढे (२०२० पासून त्यास आयोग म्हणतात) व्याकरणाचा उपयोग झाला नाही. प्रस्तुत लेखकाने 'लावली' व 'लावलेली' यांवर तीन पाने लिहून दिली होती. ती वकिलांनी जोडली नाहीत, आणि ते बरोबरच केले असे आता वाटते. काम केले ते चाव्यांनी. मामांनी कंपनीकडे दोन चाव्या जमा केल्या होत्या. एक जवळजवळ कोरी होती. दुसरीचे दात झिजून गुळगुळीत झालेले होते आणि तिच्या भोकात चालकाने घातलेला काळा दोरा होता. रोजची चावी गाडीबरोबर गेली असती तर ती झिजलेली चावी टेबलावर कशी आली, या प्रश्नास कंपनीजवळ उत्तर नव्हते. दावा मंजूर झाला. लिहिलेले विमामूल्य दुसऱ्या जुन्या गाडीच्या निम्म्या किमतीइतकेही नव्हते, आणि दोन वर्षांची बुडालेली मिळकत कोणत्याच विम्यात बसत नाही. चालक दरम्यान दुसरीकडे नोकरीस लागला होता.

मामांनी पुढे कर्ज काढून घेतलेली गाडीही जुनीच होती. तिच्या पंपावरील दांडीस गावच्या मिस्त्रीने एक लोखंडी कान जोडून दिला आणि त्यात एक साधे पितळी कुलूप अडकविले. नव्या चालकास गाडी सोपविताना मामा रोज रात्री एकच प्रश्न विचारीत, आणि तो "चावी लावली का?" असा नसे. "कुलूप घातलंस का? आणि चाव्या दोन्ही आण इकडे," असे ते म्हणत.